काल्याझिन : निकितीनचा पहिला मुक्काम

आमच्या रेवदंड्यात अफानासी निकितीनचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर शहरातून निघालेला हा व्यापारी चौल बंदरात उतरला, विकायला आणलेला घोडा घेऊन जुन्नरला पोचला आणि तिथल्या खानाने तो घोडाच अडकवून ठेवला. घोडा पुढे परत मिळाला. मला मात्र लहानपणापासून कुतूहल होतं ते त्याच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाचं. त्याच्या नोंदींत सुरुवातीलाच काल्याझिन येतं. व्होल्गेतून खाली येत तो तिथल्या मठात थांबला, मठाधिपती मकारींचा आशीर्वाद घेतला आणि उग्लिचकडे निघाला.

जून २०१९ मध्ये कामासाठी मॉस्कोत होतो, दोन दिवस मोकळे मिळाले. मॉस्कोहून काल्याझिन दोनशे किलोमीटरच्या आतच. सेर्गियेव पोसाद मागे पडलं की दुतर्फा बर्च आणि पाइन सुरू होतात ते संपतच नाहीत. सपाट प्रदेश, मधेच दलदल, मधेच गवताळ माळ. एखादा डोंगर दिसेल म्हणून कोकणी डोळे शोधत राहिले, पण डोंगर नाहीच.

काल्याझिन हे तेव्हा त्याच नावाच्या ‘रायोन’चं ठाणं. रायोन म्हणजे साधारण आपला तालुका आणि ‘ओब्लास्त’ म्हणजे जिल्हा, असं मी मनाशी बसवलं होतं. ते अर्धंच बरोबर. ओब्लास्तला स्वतःचा गव्हर्नर आणि विधिमंडळ असतं, म्हणजे तो राज्याच्या जवळ जातो. काल्याझिनचा रायोन सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचा, त्वेर ओब्लास्तच्या आग्नेय कोपऱ्यातला. दक्षिणेला मॉस्को ओब्लास्त, पूर्वेला यारोस्लाव्ल. तालुक्याच्या गावात २०१० च्या जनगणनेत जेमतेम चौदा हजार माणसं. बाकी सगळी खेडी, त्यांतही दोन जाती. जिथे चर्च ते ‘सेलो’, नसेल ते ‘देरेव्न्या’. चर्च पडून शंभर वर्षं झाली तरी सेलो हे सेलोच राहतं.

जिच्या घरी उतरलो ती आजी सत्तरीची. मी नकाशा पसरला तेव्हा ती हसली. “रेषा किती वेळा हलल्या ठाऊक आहे?” खरंच, हिशेब लावताना दमछाक झाली. झारच्या काळात हा त्वेर गुबेर्नियातला, म्हणजे प्रांतातला, ‘उयेज्द’ (तेव्हाचा तालुका). १९२९ मध्ये उयेज्द मोडून रायोन झाले, तेव्हा काल्याझिन गेलं मॉस्को ओब्लास्तमध्ये. १९३५ मध्ये कालिनिन ओब्लास्त बनला, हे त्यात. कालिनिन म्हणजे त्वेरच, फक्त नाव बदललेलं. १९९० मध्ये त्वेरला जुनं नाव मिळालं. आणि मी गेलो त्याच्या महिनाभर आधीच नवा कायदा झाला होता : शहर आणि ग्रामीण वसाहतींच्या वेगवेगळ्या परिषदा बंद करून सगळा भाग एकाच ‘म्युनिसिपल ओक्रुग’मध्ये आणायची मुभा. आजीला त्याचं कौतुक नव्हतं. “म्हणजे रस्त्यावरचा दिवा गेला तरी खेड्यातल्या माणसाने काल्याझिनला यायचं?” आपल्याकडे ग्रामपंचायत उठवून सगळा कारभार तालुक्याला नेला तर कुणी वेगळं काय बोलेल!

बरं, त्वेर इथून जवळ नाही. रस्त्याने जवळपास दोनशे किलोमीटर. रेल्वे जाते ती मॉस्कोच्या बाजूला, साव्योलोवोकडे. त्यामुळे लोकांचे कागद त्वेरला आणि पोरं मॉस्कोला. उन्हाळ्यात मॉस्कोकर इथल्या दाचांत, म्हणजे सुट्टीच्या घरांत, येतात, गावं भरतात. हिवाळ्यात आजीच्या माहेरच्या देरेव्न्यात धूर येतो दोनच घरांतून.

पण या भूगोलाचा खरा मालक नदी आहे. उग्लिचला धरण झालं आणि १९३९-४० मध्ये जुन्या काल्याझिनचा मोठा भाग पाण्याखाली गेला. लाकडी घरं ओंडका ओंडका सुटी करून, त्यांवर आकडे घालून वर हलवली. आजीचं घर त्यांतलंच. दाराच्या चौकटीजवळ एका ओंडक्यावर कुऱ्हाडीने कोरलेल्या रोमन आकड्याच्या खुणा तिने बोट फिरवून दाखवल्या. रंगाच्या थराखाली त्या अजून हाताला लागतात.

संध्याकाळी बोटीने घंटाघराकडे गेलो. १८०० सालचं, जवळपास ७५ मीटर उंच. शेजारचं कॅथेड्रल पाडलं, हा मनोरा मात्र पाण्यात तसाच राहिला. लाटांनी तो ढासळू नये म्हणून पुढे त्याच्याभोवती भराव घालून छोटं बेट केलं. फोटोत तो गूढ वगैरे दिसतो. जवळून पाहिला तर तळाच्या कमानीचा वरचा भागच काय तो दिसतो. विटांवर ओलीची हिरवट रेघ होती आणि भरावावर कुणाची तरी रिकामी बाटली. उजनीत पळसदेवचं देऊळ पाणी उतरल्यावर वर येतं तेव्हा जे वाटतं, तेच इथे वाटलं. फक्त इथे ते बारा महिने.

“मठ कुठे होता?” मी विचारलं. निकितीन थांबला तो मठ १९४० मध्ये पाडला, एवढं वाचलं होतं. नावाड्याने इंजिन बंद केलं आणि समोरच्या काठाजवळच्या, झुडपं माजलेल्या बेटांकडे मान वळवली. मी रेवदंड्याच्या स्मारकाचा मोबाइलमधला फोटो त्याला दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा करून नीट पाहिला, मग विचारलं, “तिथे पाणी किती दूर आहे?”

“हाकेच्या अंतरावर,” मी म्हणालो. त्याने इंजिनची दोरी ओढली.