उलट्या पायांची

भाच्याने मल्टिमीटरचा, म्हणजे व्होल्ट-ओहम मोजायच्या यंत्राचा, जीव घेतला तो निव्वळ जिज्ञासेपोटी. "मामा, प्लगमध्ये करंट येतोय का बघत होतो," एवढंच म्हणाला. मीटरचा नॉब तेव्हा ओहमवर, म्हणजे व्होल्टऐवजी रोध मोजायच्या खुणेवर होता. 230 व्होल्ट हा बोलायचा आकडा. लाटेच्या माथ्यावर तो सव्वातीनशेच्या घरात जातो. आवाज नाही, धूर नाही. पडद्यावर डाव्या कडेला एकटाच 1 उभा राहिला. मीटरच्या भाषेत त्याचा अर्थ, 'हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे'. दोन्ही प्रोब, म्हणजे मोजायच्या सुया, एकमेकींना टेकवल्या की शून्य यायला हवं, तरी तोच 1.

खोकं उघडून मधल्या चिपवर बोट ठेवलं आणि चटका बसला. आयसीएल 7106. ती धडधाकट असते तेव्हा तिला जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर पुरतात, तिला ताप येणं म्हणजे आत काहीतरी जळालेलं असणं. चिप उडाली होती.

या जातीच्या मीटरला साडेतीन अंकी म्हणतात. उजवीकडचे तीन आकडे शून्य ते नऊ काहीही दाखवू शकतात, डावीकडचा मात्र फक्त एक दाखवतो किंवा गप्प बसतो. म्हणून तो अर्धा, आणि म्हणून सगळा हिशेब 1999 वर संपतो. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. आपल्याला हे अर्धं प्रकरण कोणी समजावून सांगावं लागत नाही. मला तर हा मीटर इथल्याच कोणीतरी काढला असावा असं कित्येक वर्षं वाटत होतं.

चाळीस पायांची चिप काढायची म्हणजे मोहाशी झगडा असतो. ती अख्खी, साबूत निघावी असं वाटतं. का, ते विचारू नका; मेलेलीच असते. पण तशी काढायला गेलं की चाळीसच्या चाळीस भोकांतलं शिसं एकाच वेळी पातळ राहायला हवं. त्यातला एखादा पाय अडतो, आपण जरा जोर लावतो आणि पायाबरोबर बोर्डावरचं तांबंही उपटून येतं. अशी दोन बोर्डं घालवल्यावर मला शहाणपण आलं. आता मी सरळ बारीक कटर घेतो आणि अंगालगत एकेक पाय कापतो. काळं धड आधी बाजूला ठेवायचं, मग उरलेले पाय एकेक करून सोल्डरिंग आयर्नने तापवायचे आणि चिमट्याने उचलायचे. भोकांतलं शिसं ओढून घ्यायला पंप आणि तांब्याची जाळी. बायको म्हणाली, "काय कोळंबी सोलताय का?"

नवी चिप आणायला बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो. जुन्या दुकानातल्या काकांनी ड्रॉवरच्या तळातून एक नळी काढली आणि एक चिप सरकवून हातात दिली. घरी आल्यावर भिंग लावलं. मला चिपची जन्मतारीख वाचायची खोड आहे. पाठीवर चार आकडे असतात, पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ही 1987 सालच्या चौतिसाव्या आठवड्यातली निघाली, म्हणजे ऐन श्रावणातली. कौतुकाने वरची ओळ वाचली आणि थबकलो. 7106 च्या पुढे सीपीएल असायला हवं होतं. तिथे आरसीपीएल होतं.

हा आर म्हणजे रिव्हर्स. आत तीच चिप, तेच काम, पण पाय उलटे. एकच्या जागी चाळीस, दोनच्या जागी एकोणचाळीस. लहानपणी आजीने सांगितलेली हडळ आठवली. सगळं बाईसारखं, चेहरा, केस, हिरवा चुडा. ओळखायची तर पावलं बघायची. मी काकांना फोन लावला.

"काका, उलट्या पायांची दिलीत."

"हो मग? तेवढीच आहे. खालून लावा."

फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. उलट्या पायांच्या चिपा चुकून होत नाहीत, त्या बोर्डाच्या पोटाला लावण्यासाठीच बनवतात. बोर्ड पालथा केला की डाव्याचं उजवं होतं आणि तिचे पाय बरोबर भोकांवर येतात. माझ्या मीटरच्या बोर्डाखाली बोटभर जागा होती आणि तांबं दोन्ही बाजूंना होतं. या खेपेला आधी बेस, म्हणजे चिप खोचायची बैठक, खालून लावला, वरून झाळला. भाचा घरात आहे तोवर चिप थेट झाळण्यात अर्थ नाही. मग बोर्ड पालथा करून ती बेसमध्ये दाबली. बोर्ड सरळ केल्यावर ती खाली लटकत राहिली, झाडाच्या वेताळासारखी.

बॅटरी जोडली. या चिपला एक टेस्टचा पाय आहे. तो बॅटरीच्या अधिक टोकाला टेकवला की पडद्यावरच्या सगळ्या रेघा पेटतात आणि उणे 1888 दिसतं. क्षणभरच टेकवायचा, जास्त वेळ धरला तर पडदा जळतो. टेकवला. उणे 1888. भाच्याने टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात.

आता आकडा जुळवायचा राहिला. मोजायचं माप या चिपच्या पोटातच असतं, सुमारे 2.8 व्होल्टचं, आणि ते प्रत्येकीचं किंचित वेगळं भरतं. म्हणून बोर्डावर एक इवलासा स्क्रू दिलेला असतो. शेजारच्या जोशीकाकांचा मीटर मागून आणला. एकच बॅटरी दोघांना लावली: त्यांचा 9.12, माझा 9.31. मी स्क्रू हळूहळू फिरवत माझाही 9.12 केला.

"पण मामा, त्यांचाच चुकत असेल तर?"

तिसरा मीटर आणला असता, तर त्याने 9.20 दाखवायला कमी केलं नसतं. मी लेकीची नेलपॉलिश मागवली आणि स्क्रू हलू नये म्हणून त्यावर एक लाल ठिपका दिला.