पेवातले मैल : मार्चअखेरचा हिशेब

पाडवा आणि मार्चअखेर यंदा लागूनच आले. रविवारी गुढी, सोमवारी ईदची सुट्टी. नववीच्या गणिताच्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर तसाच ठेवून मी मैलांची वही काढली. मैल म्हणजे विमान कंपन्या, हॉटेलं आणि बँका देतात ते पॉइंट. ते साठवायचे आणि त्यांवर तिकीट किंवा खोली घ्यायची, हा माझा छंद. वही म्हणजे खरोखरची वही, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. संगणकावर तक्ता आहेच, पण शाईनं लिहिलेला आकडा मला जास्त खरा वाटतो. ही तिसरी वही आणि छंदाचं आठवं वर्ष.

आकडे आधी सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं त्यांचं काम होईल. १ एप्रिल २०२४ ची आरंभीची शिल्लक १,१८,४००. वर्षभरात जमा ८३,२५०. वापरले ९६,०००. मुदत संपून गेले २,१५०. आज हातात १,०३,५००. (सहा वेगवेगळ्या योजनांचे मैल एकत्र मिळवणं म्हणजे लिटर आणि किलोची बेरीज. पोरांनी पेपरात केली असती तर मी भोपळा दिला असता.)

जमेपेक्षा खर्च जास्त, असं आठ वर्षांत पहिल्यांदाच झालं. आणि यंदा मला आनंद झालाय तो त्याचाच.

आमच्या सांगलीजवळ हरिपूर आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथल्या जमिनीत हळदीची पेवं असायची. तोंड अरुंद, पोट मोठं. हळद आत उतरवायची, तोंड लिंपून टाकायचं आणि भाव येईपर्यंत विसरून जायचं. कीड नाही, काही नाही. व्यापारी वर्षानुवर्षं माल ठेवून निवांत असायचे. मीही पहिली पाच वर्षं मैलांचं असंच पेव भरलं. शिल्लक वाढताना बघण्यातच सुख. मग कळलं, की मैलांच्या पेवाला खालून पाझर असतो. तिकिटाला लागणारे मैल कंपनी हवे तेव्हा वाढवते, कधी आगाऊ सांगून, कधी न सांगता. बँकेतल्या पैशाला निदान व्याज मिळतं, मैलांना नुसती झीज. आणि २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून हळदीची काय दशा झाली, ते इथल्या लोकांना सांगायला नको.

आमच्या छंदातला महापूर म्हणजे विमान कंपनीच बंद पडणं. माझं पहिलं खातं २०१७ चं, जेट एअरवेजच्या जेटप्रिव्हिलेज या मैलांच्या योजनेतलं. १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान उडालं. त्या रात्री मी झोपले नाही, असं आमचे हे अजून चारचौघांत सांगतात. योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून शिल्लक वाचली. त्याच वर्षी तिचं नाव इंटरमाइल्स झालं. विस्तारा या विमान कंपनीच्या वेळी मात्र मी शांत होते. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्ताराची शिल्लक एअर इंडियाच्या योजनेत गेली आणि जुन्या 'फ्लाइंग रिटर्न्स'चं नाव आता 'महाराजा क्लब' आहे. एअर इंडियाच्या जाहिरातींतला तो पगडीवाला, मिशाळ महाराजा १९४६ चा, म्हणजे माझ्या आईपेक्षाही थोरला.

आता जमेच्या बाजूकडे. ८३,२५० पैकी प्रत्यक्ष उडून मिळालेले फक्त ९,४००. बाकीचे सगळे जमिनीवर, क्रेडिट कार्डातून. नवख्या माणसाला हे पटत नाही. त्याला वाटतं, हा छंद सतत विमानात बसणाऱ्यांचा. सुरुवात तशीच होती म्हणा. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सनं ॲडव्हान्टेज ही योजना काढली, तेव्हा नेहमीचे प्रवासी हुडकायला सेबर या आरक्षण यंत्रणेत तेच तेच फोन नंबर कुठे दिसतात ते शोधलं होतं. पण पुढे कंपन्या बँकांना मैल विकू लागल्या, बँका ते कार्डावरच्या खर्चाला देऊ लागल्या आणि सगळा खेळच बदलला. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्यानं खाद्यपदार्थांच्या पाकिटांवरच्या मैलांच्या योजनेसाठी पुडिंगचे १२,१५० डबे घेतले. सव्वातीन हजार डॉलरही खर्च न करता साडेबारा लाखांवर मैल मिळवले. तो आमच्या पंथाचा आद्यपुरुष. सांगलीत अशी योजना बेदाण्यावर निघाली असती, तर तासगावचं मार्केट मी एकटीनं उठवलं असतं.

आजकाल कार्डांचंही पेव फुटलंय. शाळेच्या स्टाफरूममध्येच तिघींकडे प्रत्येकी चार-चार आहेत. माझ्याकडे दोन. एक विमा, मुलाची फी आणि मोठ्या खरेदीसाठी. दुसरं रुपे, ते यूपीआयला जोडलेलं. २०२२ पासून ही सोय आल्यावर गणपती पेठेतला किराणाही मैलांत मोजता येऊ लागला. मंडईत मात्र जपून. भाजीवाल्याचा क्यूआर त्याच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर क्रेडिट कार्ड चालत नाही, आणि मागे रांग लागलेली असताना मेथीच्या जुडीसाठी तीन-तीनदा फोन नाचवणं बरं दिसत नाही. माझा नियम एकच: जे घ्यायचंच होतं तेच घ्यायचं, आणि बिल पूर्ण भरायचं, शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी. थकलेल्या बिलावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. एक महिना चुकलात की वर्षभराचे मैल बँकेला परत. शिवाय दोन्ही कार्डांची वार्षिक फी जीएसटीसह ५,९०० रुपये. ती मी वहीत लाल शाईनं लिहिते, कारण 'फुकट तिकीट' म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ती कधीच नसते. आणि सांगलीकरांसाठी अजून एक लाल ओळ: विमानतळापर्यंत जायचा खर्च. कवलापूरला विमानतळ होणार, हे मी परकर घालत होते तेव्हापासून ऐकतेय. तो होईपर्यंत पुणे, मुंबई, नाहीतर कोल्हापूरचं उजळाईवाडी. मुंबईहून पहाटेचं विमान मैलांत मिळालं, तरी रात्रीची स्लीपर, पहाटेची टॅक्सी आणि उरलेल्या झोपेची किंमत धरावीच लागते.

आता त्या उडून मिळालेल्या ९,४०० बद्दल. त्यातले माझे जेमतेम ११५०. बाकी धाकट्या भावाचे.

माझं माहेर विट्याचं. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली निम्मी घरं गलाईवर उभी आहेत, आमचंही त्यातलंच. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं काम. त्यासाठी आमची माणसं देशभर पांगलीत. भाऊ कोइमतूरला सव्वीस वर्षं आहे. पूर्वी तो दोन गाड्या बदलून यायचा. धंदा बसल्यावर विमानानं येऊ लागला: यात्रेला, दिवाळीला, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या दहाव्याला. आणि या गड्यानं एकदाही तिकिटावर मेंबर नंबर टाकलेला नव्हता. मला हे कळलं त्या दिवशी माझ्या पोटात दुखलं, हे लाक्षणिक अर्थानं म्हणत नाही.

"आक्का, सोन्याची धूळ आम्ही गोळा करतो. तू हवेतली गोळा कर," तो म्हणाला.

तर मी गोळा केली. त्याच्या नावानं खाती उघडली. मैल उडणाऱ्याच्या नावावर पडतात, पैसे भरणाऱ्याच्या नाही, ही गोष्ट नव्यांनी ध्यानात ठेवावी. झालेल्या प्रवासाचे मैलही बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांपर्यंत मागून देतात, पण बोर्डिंग पास लागतो. त्याच्या बॅगेच्या कप्प्यांतून मी पाच मिळवले, एकावर खोबरेल तेल सांडलेलं. पाचातले चार चालले.

आणि या वर्षीची मोठी नोंद, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय. आई एकाहत्तर वर्षांची. मुलाचं दुकान तिनं सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आधी पैसे नव्हते, मग घरी म्हशी होत्या, मग गुडघे गेले. विमानाचं नाव काढलं की म्हणायची, "एवढं पैसं घालून काय बघायचं? आग आणि मुशी? ती हितंबी हाय." या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला विचारलंच नाही. भावाच्या खात्यातले मैल आणि माझे कार्डाचे पॉइंट त्याच योजनेत वळवून दोघींची जाऊन-येऊन तिकिटं काढली. पुणे ते कोइमतूर, मध्ये बंगळुरूला बदल.

हिशेब असा. रोख तिकीट घेतलं असतं तर ३१,६०० रुपये. मैलांच्या तिकिटालाही कर आणि शुल्क भरावं लागतं, ते ५,२००. वजा जाता २६,४००, त्याला लागले २४,००० मैल. म्हणजे मैलाला १ रुपया १० पैसे. ठीकठाक. यातले कसलेले लोक नाक मुरडतील, परदेशी प्रवासात आणि बिझनेस क्लासमध्ये याच्या दुप्पट-तिप्पट निघतं. मान्य.

पुण्याच्या विमानतळावर लाउंजमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेल्या प्रतीक्षागृहात, कार्डावर दोन रुपये कापून आत सोडलं. तिथलं सगळं न्याहाळून आईनं पिशवीतून धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मला आधी अवघडल्यासारखं झालं. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चटणी मागून घेतली आणि प्रश्न मिटला. विमानात ती खिडकीशी बसली. ढगांच्या वर गेल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ह्याचं पैसं कुणी दिलं?"

मी म्हणाले, "तुझ्या पोरानंच. इतकी वर्षं जात-येत होता ना, त्यातलं."

तिला ते कितपत कळलं, माहीत नाही. मलाही तोवर तसं कधी दिसलं नव्हतं. तिला भेटायला केलेल्या त्याच्या फेऱ्यांतूनच तिचं तिकीट निघालं होतं. दुकानात गेल्यावर तिनं भट्टी, मुशी, तराजू सगळं हात लावून पाहिलं आणि भावाला म्हणाली, की छप्पर बुटकं आहे, उन्हाळ्यात डोकं तापत असेल. त्यानं जानेवारीत छप्पर वर घेतलं. हे वहीत कुठल्या रकान्यात लिहू?

बाकीचे ७२,००० थोडक्यात. ४२,००० मुलाच्या परीक्षांच्या निमित्तानं दिल्ली आणि हैदराबादच्या वाऱ्यांत गेले, काही रंजक नाही. ३०,००० महाबळेश्वरच्या ले मेरिडियनला, दोन रात्री. हे हॉटेल ज्या साखळीतलं, त्या मॅरियटनं २०२२ च्या मार्चपासून खोलीला किती पॉइंट याचा ठरावीक तक्ता काढून टाकला, त्यामुळे एकाच खोलीचे पॉइंट तारखेप्रमाणे चढतात-उतरतात. मे महिन्यातला आकडा पाहून मी पान मिटलं, जुलैचा पाहून उघडलं. पसरणीच्या घाटात चार हातांवरचं दिसत नव्हतं. दोन दिवस खिडकीबाहेर नुसतं पांढरं. यांनी विचारलं, "हे पांढरं बघायला तीस हजार?" मला मात्र आवडलं. पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर त्यांतल्या एका रात्रीचे पॉइंट लागत नाहीत, पण पाच दिवस ते धुकं आमच्या संसाराला झेपलं नसतं.

राहिले ते मुदतीत गेलेले २,१५०. ही माझी चूक, आणि बायकांनी जरूर वाचावी. एका परदेशी विमान कंपनीचं खातं मी माहेरच्या आडनावानं उघडलं होतं, कारण तेव्हा पॅन कार्ड तसं होतं. पासपोर्ट नंतर सासरच्या नावानं झाला, त्यात मधे नवऱ्याचंही नाव. तिकीट पासपोर्टप्रमाणे, खातं पॅनप्रमाणे, आणि त्यांच्या दृष्टीनं आम्ही दोन वेगळ्या बायका. लग्नाचा दाखला पाठवला, तो मराठीत. भाषांतर करून नोटरी केली. उत्तर आलं, की दोघींपैकी खातेदार कोण ते कळवावं. अकरा आठवड्यांनी नाव जुळलं, पण तोवर सर्वांत जुने मैल मुदत ओलांडून गेले होते. खातं उघडताना पासपोर्टवरचं नाव अक्षरशः उतरवा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं असेल तेही. आणि लग्न ठरलेल्या भाच्या-पुतण्यांना आताच सांगून ठेवा.

पुढच्या वर्षाचं लक्ष्य सिंगापूर, दिवाळीच्या सुट्टीत, चौघं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेचे मैल मिळाल्यापासून ३६ महिन्यांत जातात. माझ्या सर्वांत जुन्या ढिगाची मुदत नोव्हेंबरात आहे, त्यामुळे चालढकल करता येणार नाही. महिन्याच्या महिन्याला ते निवडक मार्गांवर मैलांत सवलत काढतात, त्यात मुंबई येते का बघत बसणार. मैलांवर मिळणाऱ्या चार सीट एकाच विमानात मिळणं अवघड, म्हणून दोन-दोन करून दोन दिवसांत जायची तयारी आहे. आई येणार नाही म्हणते. तिचा पासपोर्ट काढायला टाकलाय, तिला सांगितलेलं नाही. अर्जावर नाव मी तीनदा तपासलं.

हे लिहिता लिहिता भावाचा मेसेज आलाय. यात्रेला आला होता, त्या प्रवासाच्या बोर्डिंग पासचा फोटो. घडी पडलेली, नेमकी तिकीट नंबरावरून. मी त्याला उन्हात धरून पुन्हा फोटो काढायला सांगितलंय.