मुलं घाबरतील का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

सुट्टी लागली की कोणी ना कोणी आईबाबा मला विचारतातच, ‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ मुलांना दाखवू का? भुतं बघून रात्री झोपतील ना? माझं उत्तर ठरलेलं आहे. दाखवा, आणि तुम्हीही शेजारी बसा. कारण त्या सिनेमात सगळ्यांत जास्त घाबरलेला असतो तो बाप.

गोष्ट सुरू होते १८९५ मध्ये. ड्रॅक्युलाची बायको मार्था माणसांच्या जमावामुळे जिवाला मुकलेली. तान्ह्या मेविसला घेऊन तो असं हॉटेल बांधतो, जिथे माणसाची सावलीही पोचणार नाही. फ्रँकेनस्टाइन, ममी, अदृश्य माणूस, पोरांच्या लेंढाराने थकून गेलेलं लांडग्यांचं जोडपं, असे सगळे तिथे निर्धास्तपणे सुट्टीला येतात. मेविसला ११८ वं वर्ष लागतं, म्हणजे त्यांच्या हिशेबाने ती आत्ता कुठे वयात येते. आता तिला बाहेरचं जग बघायचं असतं.

बाप लगेच हो म्हणतो. जवळच एक गाव आहे, जाऊन ये! ती आनंदाने वटवाघूळ होऊन उडते आणि त्या गावात मशाली घेतलेली, आरडाओरडा करणारी माणसं तिच्या अंगावर धावून येतात. खरं तर गाव बापानेच उभं केलेलं असतं आणि ती माणसं म्हणजे हॉटेलातले झाँबी नोकर. मेविस हिरमुसून परत येते, बाबांचंच बरोबर होतं असं कबूल करते आणि बाप तिला कुशीत घेतो.

इथे माझी सहा वर्षांची लेक पडल्या पडल्या उठून बसली. ‘‘तिच्या बाबांनी खोटं गाव केलं?’’ भुतांना ती घाबरली नव्हती. त्या मिठीने मात्र ती अस्वस्थ झाली. ‘‘मग तिला सांगत का नाहीत ते?’’

मला उत्तर देता येईना. बागेतल्या उंच घसरगुंडीवरून ती एकदा पडली होती. तेव्हापासून मी तिला सांगत होतो की घसरगुंडी मोडली आहे, दुरुस्तीला वेळ लागेल. त्या रात्री मी तिला खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘उद्या जाऊ या. तू खाली उभा राहा.’’

तुमच्या मूळ प्रश्नाचं म्हणाल तर, रागाच्या भरात ड्रॅक्युलाचा चेहरा क्षणभर अक्राळविक्राळ होतो, तेवढंच. दिग्दर्शक गेंडी टार्टाकोव्हस्की हाताने काढलेल्या कार्टून मालिकांतून आलेला. इथली चित्रं संगणकावरची असली तरी पात्रं त्याने रबरासारखी ताणली, दाबली, भिरकावली आहेत. अशा अंगांची भीती वाटत नाही. जपायचं ते मार्थाच्या आठवणीला. हळव्या मुलांना तिथे रडू येतं, येऊ द्या. पुढचे तीन भाग सवडीने बघा, माझा जीव पहिल्यातच आहे.

पहिल्या नजरेतल्या प्रेमाला या सिनेमात ‘झिंग’ म्हणतात. आपल्याला तो शब्द समजावून सांगावाच लागत नाही! मेविसला ती लागते चुकून हॉटेलात शिरलेल्या जॉनथन नावाच्या भटक्या पोराची, म्हणजे नेमकी माणसाची. बाप त्याला घालवून देतो, आणि लेकीचं हसूच गेलं हे बघून भर उन्हात त्याला परत आणायला निघतो. वाटेत माणसांचा मोठा मेळा लागतो. सगळे भुतांचे चाहते, कित्येकांनी ड्रॅक्युलाचाच वेश केलेला. ऊन त्याला भाजतंय हे कळताच ते आपापले झगे उंच धरतात आणि त्याच्या वाटेवर सावली करतात. तेव्हा मुलांकडे बघू नका, पडद्याकडे बघा. ज्यांच्या धास्तीने त्याने सगळा जन्म भिंतीआड काढला, त्यांच्याच सावलीतून तो लेकीसाठी धावत असतो.