आई परत येणार आहे, याचा पुरावा

व्हिसाच्या कव्हर लेटरमध्ये आईने मला एक वाक्य घालायलाच लावलं. "मला दर नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्यामुळे मी त्याआधी ठाण्याला परत येणारच." मी म्हटलं अगं आई, एम्बसीतल्या माणसाला हयातीचा दाखला म्हणजे काय ते कसं कळणार? तर म्हणे, नाही दिला तर पेन्शन थांबते असं लिही, पेन्शन सगळ्यांना कळते.

आम्ही दोघीच जाणार, 5 ऑक्टोबरला पॅरिसला उतरायचं, तिथून स्वित्झर्लंड, आणि 16 ला घरी, म्हणजे नवरात्र आटोपून निघायचं आणि वसुबारसेच्या आत परत, ही आईची अट. आई 68 वर्षांची, अनुदानित शाळेतून रिटायर झालेली मराठीची शिक्षिका, आजवर देशाबाहेर पाऊल नाही. मी आपलं समजत होते की तिकीट काढलं, हॉटेल बुक केलं, फॉर्म भरला की झालं. पण ही सगळी फाइल एकाच प्रश्नाभोवती फिरते हो, ही बाई तिकडेच राहणार नाही कशावरून? पैसे, विमा, हॉटेल सगळं लागतंच, पण मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाणार की नाही हे बघणं हे त्यांच्या नियमातच आहे. आईला हे सांगितलं तर ती खरंच दुखावली. "मी कशाला राहू तिथे? घर कोण बघणार?"

आधी कुठे अर्ज करायचा यावरच घरात महाभारत. दादाचा एक मित्र म्हणाला, ज्या देशाचा व्हिसा पटकन मिळतो तिथला काढा, फिरा कुठेही. असं करू नका प्लीज. शेंगेन म्हणजे युरोपातले जे देश एकाच व्हिसावर फिरता येतात त्यांचा गट, आणि त्याचा नियम सरळ आहे, जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार तिथे. आमचं आधी पाच-पाच रात्रींचं ठरत होतं, म्हणजे अर्ज फ्रान्सकडे गेला असता, पण आई म्हणाली शहर काय बघायचं, शहर तर इथेही आहे, मला डोंगर बघायचेत. मग पॅरिस 4, स्वित्झर्लंड 6, अर्ज स्वित्झर्लंडकडे. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, आणि आयर्लंडचं बरोबर उलटं. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं नदीकाठचं छोटंसं गाव, तिथे 14 जून 1985 ला पाच देशांनी एका बोटीवर बसून करार केला, म्हणून हे नाव. आज त्यात 29 देश आहेत. आईला हे फार आवडलं, म्हणाली म्हणजे आपल्या तलावपाळीच्या बोटीत बसून सह्या केल्यासारखंच की.

आता खरी भानगड. आईला नोकरी लागली 1979 मध्ये, लग्न 1982 ला. त्यामुळे सर्व्हिस बुकात, आणि तिथून पेन्शनच्या कागदात, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर सासरचं. बँकेत सासरचंच, पण स्पेलिंगमध्ये एक एच कमी. म्हणजे तीन कागदांवर तीन बायका! तेव्हा लग्नाची नोंदणी कोण करत होतं, ती केली पासपोर्टच्या वेळी, ते सर्टिफिकेट होतं म्हणून निम्मं काम भागलं. उरलेल्या निम्म्यासाठी ठाणे कोर्टाबाहेर नोटरीकडे जाऊन अ‍ॅफिडेव्हिट, की वरील सर्व नावं एकाच व्यक्तीची आहेत. पूर्वी शंभराचा स्टॅम्प पेपर चालायचा, आता पाचशेचा लागतो. आई तिथल्या बाकड्यावर बसून तो कागद दोनदा वाचून म्हणाली, "बघ, मी एकच आहे हे कळायला पाचशे रुपये लागले." शिवाय टायपिस्टच्या दोन चुका काढल्या, लाल पेन नव्हतं म्हणून नाहीतर मार्क पण दिले असते.

पैशांचं थोडक्यात सांगते कारण सगळे तेच विचारतात. आईचे पैसे एफडीत, सेव्हिंगमध्ये पेन्शन येते आणि त्यातूनच महिना चालतो. मामा म्हणाला एफडी मोड आणि खात्यात टाक, बॅलन्स भरलेला दिसला पाहिजे. आम्ही नाही मोडली. अर्जाच्या आधी आठ दिवस अचानक दोन-तीन लाख आले की उलट तेच डोळ्यात येतं. स्वित्झर्लंडचा हिशोब माणशी दिवसाला साधारण 100 फ्रँक असा आहे, तेवढं आमच्या दोघींच्या मिळून खात्यांतून दिसत होतं. एफडीच्या पावत्या, रिटर्न्स, माझ्या ऑफिसचं सुट्टी मंजूर केल्याचं पत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं लावलं. बँकेत स्टेटमेंटवर शिक्का मारून घ्यायला मात्र तीन खेपा झाल्या, एकदा शिक्का होता तर सही करणारे साहेब नव्हते, एकदा साहेब होते तर प्रिंटर बंद. सोडा.

विम्याचा किस्सा सांगायलाच हवा. कव्हर कमीत कमी 30,000 युरोचं लागतं, आणि त्यात आजारपण, हॉस्पिटल याबरोबर मृत्यू झाला तर मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. मी ते पान पटकन उलटलं, पण आईच्या हातून कागद असा सुटतो होय? चष्मा लावून सगळं वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "चला, म्हणजे कसंही झालं तरी परत यायची सोय आहे. हे लाव की पुरावा म्हणून." मला हसावं की रडावं कळेना.

व्हिसा सेंटरमध्ये अर्ज द्यायची अपॉइंटमेंट मिळाली जुलैमधली, तीही रोज रात्री लॅपटॉप घेऊन बसून. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो, पण स्लॉट नावाची चीज दिसली की गायब. एका एजंटने मला सांगितलं माझ्याकडे आहेत स्लॉट, माणशी एवढे द्या. का असतात याच्याकडेच? जाऊ दे.

त्या दिवशी पाऊस असा की विचारू नका. साडेआठची वेळ, आम्ही पावणेसहाला घराबाहेर, कारण कुर्ला-सायनला पाणी भरलं की मध्य रेल्वेचं काय होतं ते ठाण्याच्या माणसाला सांगायला नको. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती आईच्या पोटाशी. लोकल विद्याविहारच्या पुढे वीस मिनिटं उभी, आई गणपती अथर्वशीर्ष पुटपुटत. पोचलो आठ वीसला.

आत सगळं शांत, एसी, नंबर, काउंटर. 90 युरो फी, म्हणजे माणशी नऊ हजाराच्या वर, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. कागद तपासणाऱ्या मुलीने अ‍ॅफिडेव्हिट बघितलं, मॅरेज सर्टिफिकेट बघितलं, आईकडे बघितलं आणि ठेवून घेतलं. हुश्श. मग बोटांचे ठसे. दहाही बोटं लागतात, आधी चार, मग दुसरी चार, मग अंगठे. माझं अर्ध्या मिनिटात झालं. आईचे ठसे येईनात. मशीनवर लाल, परत लाल. त्या मुलाने ओला टिश्यू दिला, हात पुसायला लावले, तिची बोटं वरून हलकेच दाबली, उजव्या हाताची तर्जनी काही केल्या येईना. आईने बोट उलटंसुलटं करून बघितलं. पस्तीस-छत्तीस वर्षं खडू, त्याच्या आधी आणि नंतर भांडी, भाकरी, तव्यावरून उलटताना चिमटा न वापरता. तो मुलगा म्हणाला, "मावशी, जोर नका लावू, नुसतं टेकवा." आई म्हणाली, "अरे, भाकरी थापायची सवय, जोर लागतोच." पाचव्या-सहाव्या वेळी हिरवं आलं आणि तो तिच्याइतकाच खूश झाला. एकदा दिलेले ठसे 59 महिने चालतात, तेवढ्यात परत शेंगेनचा अर्ज केला तर सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. आईने बाहेर येऊन हिशोब केला, म्हणजे मी 73 ची होईपर्यंत.

निकालाला नियमाने 15 दिवस, लांबलं तर 45 पर्यंत. ते दिवस मी रोज ट्रॅक करत होते आणि आई अजिबात नाही. मला रात्री दोनला जाग यायची की त्या हयातीच्या दाखल्याच्या वाक्याने घोळ तर झाला नसेल.

बाराव्या दिवशी कुरियर आलं. पाकीट आईने फोडलं, कात्रीने, कडेकडेने, आतलं फाटू नये म्हणून. दोघींचे व्हिसा होते. मी उड्या मारत होते आणि ती स्टिकरवरचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून तपासत होती. एच होता. मग तारखा बघितल्या, व्हिसाची मुदत 16 च्या पुढे चांगली दोन आठवडे दिसत होती, तर लगेच, "हे जास्त कशाला दिलेत? मी तर सांगितलं होतं."

मी म्हटलं विमान बिमान चुकलं तर म्हणून असतात गं ते जादा दिवस, राहायचे दिवस वेगळे लिहिलेत बघ. तिचं समाधान झालं नाही. उठून स्वयंपाकघरात गेली, भिंतीवरच्या कालनिर्णयचं ऑक्टोबरचं पान वर केलं आणि दुधाच्या हिशोबाच्या पेन्सिलीने 5 ते 15 वर आडवी रेघ मारली. दूध बंद. आणि 16 च्या चौकोनात लिहिलं, एक लिटर.