आत्ता उडेल म्हणे

काल मावशी मी काढलेल्या भुंगेऱ्याच्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अगं किती खरा वाटतोय गं, आत्ता उडेल बघ." कौतुकच होतं ते, मनापासून होतं. मी थँक्यू म्हणाले, हसले, आत जाऊन ब्रश धुवत बसले जे आधीच धुतलेले होते.

उडेल? तो भुंगेरा उताणा पडलाय. उडता येत नाहीये हेच तर चित्र आहे ना.

कितीतरी वेळ मी त्याला बघितलं होतं. किडा चालताना तीन-तीन पायांचा मेळ असतो, एका बाजूचे पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे एकदम उचलले जातात, आणि हा पाठीवर पडला तेव्हा मला दिसलं की तो मेळच सुटलाय, प्रत्येक पाय आपापलं काहीतरी शोधतोय आणि कुठल्याच पायाला काही लागत नाहीये. ते मला काढायचं होतं. गेले काही महिने माझं जे चाललंय ते... असो. पण ते त्या पायांत होतं, सगळं होतं, आणि बघणाऱ्याला दिसली काय तर पाठीवरची चकाकी.

हेच जर एखाद्या बाईचं चित्र असतं, खिडकीत बसलेली, मान खाली, तर मावशी म्हणाली असती "किती उदास आहे गं". कुणीही म्हणालं असतं. माणसाला चेहरा असतो ना, भुवई जरा वर केली की झालं. किड्याला भुवई नाही, पापणी नाही, ओठ नाहीत, डोळा म्हणजे बारीक बारीक भिंगांची जाळी, तो कुठे बघतोय तेसुद्धा सांगता येत नाही. मग राहतं काय तर पायांचे कोन, मिशांचा ताण, अंग जमिनीला किती टेकलंय ते, आणि आजूबाजूला कोरा कागद किती सोडलाय ते. एवढ्याच भांडवलावर सगळं बोलायचं. मी बोलते, आणि समोरून ऐकू येतं "डीटेलिंग काय मस्त आहे". दर वेळी. आता तर मला वाटायला लागलंय की मी आयुष्यभर शाळेच्या तक्त्यावरची चित्रं काढत राहणार आणि लोक त्यांना छान छान म्हणत राहणार.

एक सोपा रस्ता आहे, रेदाँ या फ्रेंच चित्रकाराचा. त्याने 1881 मध्ये कोळशाने कोळी काढले, एक हसणारा, एक रडणारा, दोघांना चक्क माणसाचा चेहरा दिला. मला ती चित्रं आवडतात, भीतीही वाटते त्यांची. पण मला तसं करायचं नाहीये. कोळ्याला माणसाचा चेहरा दिला की दुःखही माणसाचंच झालं, कोळी नुसता अंगरखा उरला. मला कोळ्याचं अंगच हवंय. कोळ्याच्या पायाच्या काही सांध्यांना लांब करणारे स्नायू नसतात, आतल्या द्रवाच्या दाबाने पाय ताणले जातात, म्हणून मेल्यावर तो दाब गेला की सगळे पाय आत मुडपतात. याच्यापुढे चेहरा काय सांगणार अजून?

आणि शिल्पकार लुईझ बुर्ज्वाची ती प्रचंड कोळीण, 'मामाँ', 1999 ची, नऊ मीटरहून उंच, पोटाखाली संगमरवरी अंड्यांची पिशवी. तिने ती आईसाठी केली, आई जुने विणलेले पडदे दुरुस्त करायची. तिला कुठे चेहरा आहे? तरी खाली उभं राहिलं की माणसाला आपण लहान झाल्यासारखं वाटत असणार, आणि सुरक्षित की घाबरलेलं ते ठरत नसणार. आईवरून मला बरंच लिहायचं होतं खरं तर. आज नको.

रात्री झोप येईना म्हणून ड्युरर या जर्मन चित्रकाराचा भुंगेरा उघडून बसले, 1505 चा. जेमतेम तळहाताएवढा कागद. पुढचं अंग उचललेलं, जबडे उघडे, खाली सावली. केवढी ऐट आहे त्याची! आणि मग लक्षात आलं की पहिल्यांदा हे चित्र बघितलं तेव्हा मी स्वतः काय म्हणाले होते, "बापरे, कागदावर चालतोय असं वाटतं". ऐट नंतर दिसली, खूप नंतर, बघता बघता. पाचशे वर्षं लोक त्या चित्राला आधी "किती खरा" असंच म्हणत असणार आणि मग त्यातले काही थोडा वेळ थांबत असणार. व्हॅन गॉगचंही तेच, त्याने 1889 मध्ये तो मोठा पतंग काढला आणि भावाला लिहिलं की रंगवायचा तर मारावा लागला असता आणि इतका सुंदर जीव मारणं वाईट झालं असतं. हे पत्र वाचलं नसतं तर मी त्या चित्रात काय बघितलं असतं? पंखांवरचे डोळे. नक्षी.

म्हणजे चालायचंच. एरवी असा किडा दिसला की जी चप्पल शोधते ती माणूस एवढा वेळ त्याच्यासमोर उभी राहिली, हे काही कमी नाही. आणि "उडेल" म्हणाली ते, कोण जाणे, उडावासा वाटला असेल तिला.

पण मला अजूनही ते टोचतंय, खोटं कशाला बोलू. आणि त्यातून एक गोष्ट दिसतेय, ती चकाकी. उताण्या पडलेल्या किड्याच्या कडेने दिसणाऱ्या पाठीवर मी जो पांढरा हायलाइट सोडला त्याने नजर तिथेच जाते, पायांकडे येतच नाही. जे सगळ्यात चमकतं ते आधी दिसणार. सावलीचंही तसंच, मी ती पोटभर गडद केली आणि भुंगेरा वस्तूसारखा ठेवलेला दिसायला लागला.

पुढचा कोळी घेणार आहे. मेलेला नाही, मुडपायला लागलेला, काही पाय अजून ताणलेले. चकाकी अजिबात नाही, काळा ट्यूबमधला नाही, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी ओल्यातच मिसळून, आणि कागद मोठा, खूप मोठा, कोळी एका कोपऱ्याकडे. फक्त कुठले पाय आधी आत घ्यायचे ते ठरत नाहीये, पुढचे घेतले तर तो काहीतरी धरून ठेवतोय असं वाटतं आणि मागचे घेतले तर घसरतोय असं. उद्या दोन्ही कोळशाने काढून बघते.