इथलं काम संपलं का?

मिशनच्या अर्पणाची पेटी फिरते त्या रविवारी हा प्रश्न हमखास येतो. कधी तक्रारीच्या सुरात, कधी खरंच समजून घ्यायचं म्हणून. शेजारीपाजारी एवढी गरज असताना समुद्रापलीकडे माणूस पाठवायचं काय नडलंय? आणि बायबलमध्ये ‘परदेशी मिशन’ नेमकं कुठं लिहिलंय? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे: कुठंच नाही. ‘मिशन’ हा शब्द लॅटिन, अर्थ ‘पाठवणं’. आजच्या अर्थानं तो सोळाव्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघानं रुळवला. मात्र पाठवणं पवित्र शास्त्रात पानोपानी आहे. ‘प्रेषित’ या शब्दाचा अर्थच पाठवलेला.

पुरावा मागितला की बहुतेक जण मत्तय २८:१९ (‘जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा’) दाखवून मोकळे होतात. वचन योग्यच आहे, पण ते नीट वाचावं. मूळ ग्रीकमध्ये तिथं आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘शिष्य करा’. जाणं, बाप्तिस्मा देणं आणि शिकवणं ही तिन्ही धातुसाधितं आहेत. मराठीला हे मुद्दाम शिकवावं लागत नाही: जाऊन शिष्य करा, बाप्तिस्मा देत, शिकवत. यावरून काही उपदेशक सांगतात की ‘जाणं’ ही आज्ञाच नाही, आपापल्या कामाला जाता जाता साक्ष दिली की झालं. हे अर्धंच खरं आहे. आज्ञार्थाच्या आधी येणारं असं धातुसाधित त्या आज्ञेचा जोर आपल्यावर घेतं. ‘जाऊन भाजी घेऊन ये’ म्हटल्यावर जाणं ऐच्छिक राहत नाही, तसंच हे. तरी कामाचं माप ‘किती जण गेले’ हे नसून ‘शिष्य झाले का’ हे आहे, एवढं त्या व्याकरणातून पक्कं निघतं.

त्याच वचनातला ‘राष्ट्र’ हा शब्दही फसवा. ग्रीक शब्द ‘एथ्नोस’. त्याचा अर्थ पासपोर्टवरचा देश नाही, तर भाषा, कूळ, रीतिरिवाज यांनी बांधलेला जनसमूह. १९७४ मध्ये लोझान इथं भरलेल्या जागतिक सुवार्ता परिषदेत मिशनचे अमेरिकी अभ्यासक राल्फ विंटर यांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला: एका देशात ख्रिस्ती मंडळ्या भरपूर असल्या तरी त्याच देशातल्या एखाद्या समाजापर्यंत त्या पोचलेल्याच नसतील, कारण मध्ये भिंत भाषेची आणि रीतींची असते. म्हणून ‘परदेशी’पेक्षा ‘भिंतीपलीकडचं’ हा शब्द मला जास्त बरोबर वाटतो. सीमा न ओलांडताही भिंत ओलांडता येते. उलट, सातासमुद्रापार जाऊन आपल्याच भाषकांच्या मंडळीत उपदेश केला तर भिंत जिथल्या तिथे राहते.

मार्क १६:१५ (‘सर्व जगात जाऊन सुवार्ता सांगा’) वर मात्र सगळा डोलारा उभा करू नका. मार्कच्या शेवटच्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं सिनाई आणि व्हॅटिकन या सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. कुणी हे दाखवून दिलं की एका वचनावरचा युक्तिवाद कोसळतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, पायाच गेला. पाया त्याहून बराच रुंद आहे. उत्पत्ति १२:३ मध्ये अब्राहामाला वचन मिळतं ते पृथ्वीवरच्या सर्व कुळांच्या आशीर्वादाचं. यशया ४९:६ मध्ये परमेश्वर आपल्या सेवकाला सांगतो की केवळ याकोबाचे वंश उभे करणं ही फार लहान गोष्ट आहे, मी तुला राष्ट्रांचा प्रकाश करतो. योनाचं पुस्तक तर पाठवलेला माणूस उलट दिशेच्या जहाजात बसला याचीच कथा आहे, आणि त्याची तक्रार देव परक्यांवर दया करतो हीच. प्रकटीकरण ७:९ मध्ये शेवटचं दृश्य आहे सर्व राष्ट्रं, वंश, लोक आणि भाषांमधल्या समुदायाचं. ‘भाषा’ तिथं वेगळी मोजली आहे, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पहिला प्रश्न. ‘आधी इथलं, मग तिथलं’ म्हणणारे प्रेषितांची कृत्ये १:८ चा आधार घेतात: यरुशलेम, यहूदीया, शोमरोन, मग पृथ्वीची शेवटची सीमा. ते याला जिना समजतात, एक पायरी पुरी झाली की दुसरी. पण वचनात जोडणारा शब्द ‘मग’ नाही, ‘आणि’ आहे. घडलंही तसंच. यरुशलेमेचं काम कधीच पुरं झालं नाही. स्तेफन या विश्वासणाऱ्याला मारल्यावर छळ सुरू झाला आणि विश्वासणारे पांगले. प्रेषित तेवढे यरुशलेमेत राहिले. पांगलेल्यांपैकी कुप्र आणि कुरेनेच्या काही अनामिक माणसांनी अंत्युखिया शहरात ग्रीकांशी बोलायला सुरुवात केली आणि तिथं मंडळी उभी राहिली. पुढे दुष्काळात यरुशलेमेला मदत गेली ती याच अंत्युखियातून. नंतर मासेदोनिया आणि अखयातल्या मंडळ्यांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी केली (रोमकरांस १५:२६). म्हणजे घर गरीब असताना ज्यांना बाहेर पाठवलं, त्यांच्याच कामातून घराला भाकर आली. ‘इथलं संपवून मग तिथलं’ हा नियम पाळला असता तर वर्गणी पाठवायला कुणी नसतंच.

मग उद्देश काय? गरज हा उद्देश नव्हे, गरज सगळीकडेच आहे. प्रेषित पौल रोमकरांस १५:२० मध्ये आपलं धोरण सांगतो: ख्रिस्ताचं नाव जिथं घेतलं गेलेलं नाही तिथं सुवार्ता सांगायची, दुसऱ्याच्या पायावर बांधायचं नाही. ज्या समाजात शुभवर्तमान त्यांच्याच भाषेत सांगणारी मंडळी नाही तिथं ती उभी व्हावी आणि तिनं पुढचं काम स्वतः करावं, हा उद्देश. शाळा आणि दवाखाने ही प्रीतीची कामं आहेत, ती हवीतच. पण ती या उद्देशाची जागा घेत नाहीत आणि त्याचं आमिषही होता कामा नयेत.

पाठवायचं कसं, याचा नमुना प्रेषितांची कृत्ये १३ आणि १४ मध्ये आहे. अंत्युखियात पाच पुढारी होते. उपास आणि प्रार्थना करून, हात ठेवून त्यांतले दोन पाठवले, तेही बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल). मंडळीला जड जाईल अशीच माणसं दिली. परतल्यावर त्यांनी मंडळी जमवून सगळं सांगितलं. हात ठेवणं म्हणजे निरोपसमारंभ नव्हे, ती जबाबदारी आहे. कुणी ‘मला पाचारण झालंय’ म्हणतो तेव्हा मंडळीनं पाहायचं ते हे: इथं त्यानं कुणाला शिष्य केलंय का, वेगळ्या भाषेच्या माणसांशी त्याचं जमतं का, वरिष्ठांशी मतभेद झाला तर तो कसा वागतो. मिशनरी परत येतात त्याचं कारण छळ असेल असं लोकांना वाटतं. बऱ्याचदा कारण असतं सहकाऱ्याशी न पटणं, मुलांचं शिक्षण, म्हाताऱ्या आईवडिलांचं दुखणं. बर्णबा आणि पौलाबरोबर निघालेला मार्क म्हटलेला योहान पंफुल्याच्या पिर्गातूनच परत फिरला आणि त्यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले. पुढे पौलच त्याला उपयोगी म्हणून बोलावतो. तेव्हा परत आलेल्यावर शिक्का मारू नये.

पैशाचा हिशेब ‘घरभाडं आणि जेवण’ एवढाच धरला की हमखास घोळ होतो. त्यात भाषेच्या शिक्षकाची फी, व्हिसा, आरोग्यविमा, मुलांची शाळा, निवृत्तीची तरतूद, मधल्या सुट्टीचा प्रवास आणि अचानक देश सोडावा लागला तर लागणारी रक्कम धरावी लागते. रकमेची मासिक वचनं पुरी होईपर्यंत विमानात बसू नये. अर्ध्या आधारावर गेलेला माणूस भाषा शिकायच्या वर्षांत पत्रं लिहून पैसे मागत बसतो. व्हिसाही खरा हवा. पर्यटक म्हणून जाऊन धर्मप्रसार करणं, किंवा नावापुरती कंपनी काढणं, ही २ करिंथकरांस ४:२ मध्ये पौलानं टाकून दिलेली लपवाछपवीच आहे. तो करिंथात तंबू करायचा ते खरोखर, विकायला.

पहिली दोन वर्षं मुख्य काम एकच, भाषा. दुभाष्यावर भागवणारा दहा वर्षांनीही पाहुणाच राहतो. आधी ऐकायचं, मग बोलायचं, वाचणं नंतर. सगळ्यांत वेळ खातो तो अनुवाद. अलिखित भाषा असेल तर आधी ध्वनी मोजून लिपी ठरवावी लागते. मग त्या भाषेचाच माणूस पहिला मसुदा करतो. तो मूळ अर्थाशी ताडला जातो, गावात वाचून दाखवला जातो आणि ‘यात काय सांगितलं?’ असं विचारलं जातं. ‘समजलं का?’ असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. मग ज्यानं मसुदा पाहिलेला नाही अशा माणसाकडून उलट अनुवाद करून घेऊन सल्लागार तो तपासतो. नव्या करारात २६० अध्याय आहेत. प्रत्येकाला हे सगळे टप्पे लागतात, म्हणून एका नव्या करारात दहा-पंधरा वर्षं सहज जातात.

अडतं कुठं, हे मराठी माणसाला चटकन कळेल. मार्क ४:३८ मध्ये वादळात शिष्य येशूला उठवून म्हणतात, बुडतोय. ‘आम्ही बुडतोय’ की ‘आपण बुडतोय’? ग्रीकमध्ये हा भेदच नाही, मराठीसारख्या भाषेत निवड करावीच लागते. ‘आपण’ म्हटलं तर येशूही बुडणाऱ्यांत आला, ‘आम्ही’ म्हटलं तर शिष्यांनी त्याला वेगळा धरला. देवासाठी शब्द कोणता, हा तर त्याहून मोठा पेच. चिनी भाषेत ‘शांगदी’ की ‘शेन’ हा वाद एकोणिसाव्या शतकात पेटला आणि मिटलाच नाही. आजही दोन्ही शब्दांच्या वेगळ्या आवृत्त्या निघतात.

भाषा त्यांची, मग चालीरीती कुणाच्या? याचा निकाल प्रेषितांची कृत्ये १५ मध्येच लागला आहे: परराष्ट्रीयांनी सुंता करून यहूदी व्हायची गरज नाही. १६५९ मध्ये रोमच्या मिशनखात्यानं पूर्व आशियात जाणाऱ्या आपल्या धर्माधिकाऱ्यांना लेखी बजावलं होतं की फ्रान्स, स्पेन किंवा इटली चीनमध्ये नेऊन ठेवण्याइतकं हास्यास्पद काही नाही, तिथं विश्वास न्या. सूचना उत्तम होती, अंमल फारच तुरळक झाला.

सगळ्यांत जास्त नासाडी पैसा करतो. परदेशी पैशातून स्थानिक सुवार्तिकाला पगार सुरू झाला की शेजारी त्याचं बोलणं ‘नोकरी’ म्हणून ऐकतात, मंडळी देणं शिकत नाही आणि पैसा आटला की काम थांबतं. १८९० मध्ये, चीनमध्ये काम केलेले अमेरिकी मिशनरी जॉन नेव्हियस यांनी कोरियातल्या तरुण मिशनऱ्यांना जी पद्धत शिकवली ती याच्या उलट होती: विश्वास ठेवणाऱ्यानं आपला धंदा सोडायचा नाही, मंडळीला जेवढं झेपेल तेवढंच काम उभारायचं, प्रार्थनाघर तिथल्या घरांसारखं आणि तिथल्याच पैशांनी बांधायचं, आणि शास्त्राचा अभ्यास मात्र कसून घ्यायचा.

इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन आणि अमेरिकेचे रूफस अँडरसन यांनी हेच तीन शब्दांत मांडलं: स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च, स्वतःचा प्रसार. व्हेन तर ‘मिशनचा सुखमृत्यू’ असंच म्हणत. त्यांच्याच काळात, १८६४ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा समाजातले सॅम्युएल अजायी क्राउथर पहिले आफ्रिकी अँग्लिकन बिशप झाले. व्हेन गेल्यावर वारं फिरलं. १८९० च्या सुमारास नव्या दमाच्या इंग्रज मिशनऱ्यांनी क्राउथर यांच्या माणसांना कामावरून काढलं, त्यांचा अधिकार काढून घेतला आणि १८९१ मध्ये ते वारल्यावर त्या जागी इंग्रज बिशप नेमला. सिद्धांत कागदावर होता, पण किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा हात मागे गेला. १९१० च्या एडिंबरा इथल्या जागतिक मिशन परिषदेत भारतातून गेलेल्या व्ही. एस. अझरिया यांनी जे मागितलं ते याच दुखण्यावर होतं: तुम्ही संपत्ती दिलीत, देहही दिलेत, आता आम्हाला मित्र द्या.

आणि सक्ती, लालूच? त्याविरुद्धचं सगळ्यांत कडक वाक्य खुद्द येशूचं आहे. मत्तय २३:१५ मध्ये तो परूशी या यहूदी पंथाच्या लोकांना सुनावतो की एक मतानुसारी मिळवायला तुम्ही समुद्र आणि भूमी पालथी घालता आणि त्याला आपल्यापेक्षा वाईट करून ठेवता. २०११ मध्ये व्हॅटिकनचं आंतरधर्मीय संवाद खातं, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल आघाडी यांनी मिळून साक्षीची आचारसंहिता काढली, तीत फसवणूक, आमिष आणि जबरदस्ती साफ नाकारली आहे. व्यवहारात अर्थ असा: धान्य वाटताना प्रार्थनेची अट नको, दवाखान्याच्या रांगेत बाप्तिस्म्याची नोंद नको, आणि आकडे पाठवायची घाई तर नकोच. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये पोचले. कृष्ण पाल यांचा, त्यांच्या मिशनमधल्या पहिल्या बंगाली माणसाचा, बाप्तिस्मा झाला १८०० च्या डिसेंबरात. मधल्या सात वर्षांच्या अहवालात ‘शून्य’ लिहायची ज्या मंडळीची तयारी नाही, तिनं पाठवू नये.

‘कधीपर्यंत?’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. पौल करिंथात दीड वर्ष राहिला, इफिसात तीन वर्षं. पुढे यरुशलेमेला जाताना त्यानं इफिसच्या वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, मिलेतात बोलावून मंडळी त्यांच्या हवाली केली. म्हणून पहिल्याच अंदाजपत्रकात परदेशी हिश्श्याचा रकाना दर वर्षी घटता दाखवावा, शेवटी शून्यापर्यंत. जमीन, गाडी आणि बँकखातं पहिल्यापासून तिथल्या मंडळीच्या नावावर असावं. शेवटच्या वर्षी मिशनरीनं मुक्काम दुसऱ्या शहरात हलवावा आणि वडिलांनी बोलावलं तरच जावं. बोलावणं आलं नाही, तर पाठवणाऱ्या मंडळीनं घाबरून फोन करू नये.