बिलं दोन, वायर एकच

इंग्लंडमध्ये छोट्या ऑफिसला बॅकअप इंटरनेट घेताना पहिला दणका इथे बसतो. बीटी, स्काय, टॉकटॉक, प्लसनेट ही नावं वेगवेगळी, पण बहुतेक पत्त्यांवर वायर ओपनरीच या जाळं सांभाळणाऱ्या कंपनीचीच. एकाची लाइन मेन आणि दुसऱ्याची बॅकअप घेतली, तर दर महिन्याला बिलं दोन येणार आणि फुटपाथ खणताना केबल तुटली की दोन्ही लाइनी एकदमच गार. काही नव्या फायबर कंपन्यांची वायर स्वतःची असते, पण तीही ओपनरीचच्याच डक्टमधून (जमिनीखालच्या नळीतून) ओढलेली असू शकते! म्हणून दोन प्रश्न विचारा: वायर कोणाची, आणि डक्ट कोणाचा?

पुण्यात केबलवाल्याची वायर आंब्याच्या फांदीवरून गच्चीत येते म्हणून आपण नाकं मुरडतो. पण कुठली वायर कुठल्या खांबावरून आली ते गॅलरीतून दिसतं तरी. इथे सगळं जमिनीखाली, देखणं, आणि कोणालाच न दिसणारं.

गल्लीत व्हर्जिन मीडिया असेल तर उत्तम, त्यांचं जाळं वेगळं आहे. नसेल तर सरळ ४जी राउटर घ्या आणि तो खिडकीत ठेवा. सिग्नल उणे ८५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास असेल तर छान, उणे ११० म्हणजे रडगाणं. सिमचीही तीच गत आहे: गिफगॅफ आणि टेस्को मोबाइल दोन्ही ओटू कंपनीच्या जाळ्यावरच चालतात.

ड्युअल-वॅन (दोन वॅन, म्हणजे दोन इंटरनेट लाइनी घेणाऱ्या) राउटरमध्ये लाइन तपासायला गेटवेला, म्हणजे लाइनवरच्या पहिल्याच टप्प्याला, पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) लावू नका. पुढची लाइन मेली तरी गेटवे उत्तर देत राहतो आणि राउटर निवांत बसतो. १.१.१.१ आणि ८.८.८.८ या बाहेरच्या दोन्ही सर्व्हरांना दर ५ सेकंदांनी पिंग, दोन्ही सलग ३ वेळा चुकले तरच बदल. मेन लाइन परतल्यावर ५ मिनिटं थांबूनच मागे फिरा, नाहीतर लाइन लपंडाव खेळते आणि प्रत्येक वेळी चालू कॉल तुटतो. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) इंटरनेट कंपनीचा ठेवू नका. दुसऱ्या लाइनवरून तो बरेचदा उत्तरच देत नाही.

मोबाइल लाइनवर बहुधा सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) असतं, त्यामुळे बाहेरून कॅमेऱ्याला पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आत यायची वाट) चालत नाही. ऑफिसातूनच बाहेर वायरगार्ड हे व्हीपीएन जोडा, कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) दर २५ सेकंदांनी. क्लाउड बॅकअप आणि विंडोज अपडेट त्या लाइनवर बंद ठेवा, नाहीतर सिमचा डेटा दुपारपर्यंत फस्त.

चाचणी करताना राउटरची वॅन केबल उपटू नका, त्यात प्रत्येक राउटर पास होतो. मॉडेमच्या मागची, भिंतीकडे जाणारी वायर काढा. आणि यूपीएसवर राउटरबरोबर भिंतीवरचा फायबरचा डबाही लावा. तो हमखास विसरला जातो.